दर पावसाळ्यात होणारी जेडची पानगळ : कारणे, तपासणी आणि उपाय

जुलैच्या मध्यावर, पावसाने चांगला जोर धरला की घरात ठेवलेल्या जेडच्या झाडाखाली पानांचा सडा पडू लागतो. मे महिन्यात आठवडाभर पाणी चुकले तरी टवटवीत राहणारे हे झाड ऐन पावसाळ्यात, बाहेर सगळीकडे हिरवेगार असताना, नुसत्या काड्या दाखवू लागते. पाने गळतात म्हणजे झाडाला काहीतरी कमी पडत असणार असे समजून आधी पाणी वाढवले जाते, मग खत घातले जाते, मग कोणीतरी सांगितले म्हणून बुरशीनाशकाची पूड मातीत मिसळली जाते. ऑक्टोबरमध्ये स्वच्छ ऊन पडते, माती वाळते, झाड आपोआप सावरते, आणि श्रेय मात्र शेवटी जे केले त्याला मिळते. त्यामुळे पुढच्या जुलैत हाच प्रकार पुन्हा घडतो, आणि असे दोन-तीन पावसाळे काढल्यावर एखाद्या वर्षी झाड सावरतच नाही.

ही पानगळ टाळता येते. तिचे मूळ जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी सापडते : कुंडीतली ओल आणि झाडावर पडणारा उजेड यांचा मेळ पावसाळ्यात तुटतो. उजेड निम्म्याहून कमी होतो आणि पाणी मात्र उन्हाळ्याच्या सवयीने चालू राहते. पुढे जे काही सांगितले आहे ते हा मेळ पुन्हा कसा बसवायचा आणि बिघाड मुळांपर्यंत गेला असेल तर झाड कसे वाचवायचे, यासंबंधी आहे.

आधी झाड कोणते ते पाहावे

आपल्याकडच्या रोपवाटिकांत जेड म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा पोर्टुलॅकेरिया आफ्रा असते. त्याची पाने करंगळीच्या नखाएवढी, गोलसर असतात आणि कोवळ्या फांद्या तांबूस असतात. दुसरे झाड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा; त्याचे पान अंगठ्याच्या पेराएवढे किंवा त्याहून मोठे, जाड आणि चकचकीत असते, आणि खोड गुबगुबीत, करडे-हिरवे असते. दोन्ही झाडे मूळची दक्षिण आफ्रिकेची आहेत आणि दोघांची पावसाळ्यातली तक्रार सारखीच आहे. मात्र क्रॅसुला जास्त नाजूक आहे. त्याच्या खोडात पाणी अधिक असल्यामुळे सड एकदा शिरली की झपाट्याने वर चढते. पोर्टुलॅकेरिया सगळी पाने गळाल्यावरही उघड्या फांद्यांवर नवे फुटवे धरते, त्यामुळे ते घाईने टाकून देऊ नये. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हा फरक आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो, कारण क्रॅसुलाची पाने या प्राण्यांना अपायकारक आहेत आणि पोर्टुलॅकेरियाची नाहीत.

पोर्टुलॅकेरियाला दक्षिण आफ्रिकेत स्पेकबूम म्हणतात. तिथल्या ईस्टर्न केप प्रांतात १९३१ साली स्थापन झालेल्या ॲडो हत्ती राष्ट्रीय उद्यानात हत्ती हे झाड मोठ्या आवडीने खातात, आणि त्यांनी मोडून टाकलेल्या फांद्या जमिनीवर पडल्या पडल्या मुळे धरतात. जेडची फांदी खोचली की लागते, असा आपला जो अनुभव आहे त्याचे कारण हेच. या झाडाच्या मूळ प्रदेशात वर्षाला साधारण २५० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही वर्षभर थोडा थोडा विखुरलेला असतो. दोन सरींच्या मध्ये कडक ऊन असते आणि माती पुन्हा वाळते. मुंबईत एवढ्या पावसाच्या कितीतरी पट, म्हणजे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. घरातल्या झाडावर तो थेट पडत नाही हे खरे, पण त्याच्याबरोबर येणारे ढग आणि हवेतली ओल घरातही येतेच, आणि जेडला त्रास होतो तो या दोहोंचा.

पाने नेमकी का गळतात

मुळांनी पाणी वर ओढायचे तर पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडावी लागते, आणि त्यासाठी ऊन, वारा आणि कोरडी हवा लागते. मे महिन्यात या तिन्ही गोष्टी असतात. भरपूर पाणी घातलेली लहान कुंडी चार-पाच दिवसांत खडखडीत वाळते. जुलैत आकाश दिवसेंदिवस झाकोळलेले असते, हवा दमट असते आणि पाऊस आत येऊ नये म्हणून खिडक्याही बंद असतात. पान पाणी सोडत नाही, म्हणून मूळ पाणी घेत नाही, आणि तीच कुंडी पंधरा-पंधरा दिवस आतून ओली राहू शकते. ओल्या मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की मुळांना श्वसनासाठी लागणारा प्राणवायू मिळत नाही. आधी बारीक मुळे गुदमरून मरतात, आणि मेलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे ओल्या मातीत वाढणारे रोगकारक ताबा मिळवतात. म्हणजे बुरशी नंतर येते. आधी येतो तो हवेचा अभाव. नुसते बुरशीनाशक घालून गुण येत नाही तो यामुळेच, कारण त्याने माती कोरडी होत नाही. उलट ते पाण्यात कालवून ओतले तर ओल आणखी वाढते.

यात या झाडाच्या स्वभावाचीही भर पडते. कोरड्या दिवसांत जेड आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रे, दिवसा मिटून ठेवते आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, तो आम्लाच्या रूपात साठवते आणि दुसऱ्या दिवशीच्या उजेडात वापरते. पोर्टुलॅकेरियाला गरजेप्रमाणे दोन्ही पद्धती वापरता येतात : पाणी मुबलक असेल तेव्हा ते इतर झाडांसारखे दिवसा रंध्रे उघडते आणि पाणी आटले की रात्रीच्या पद्धतीकडे वळते. पाण्याच्या टंचाईशी जुळवून घ्यायची अशी पक्की सोय त्याच्याकडे आहे. उजेडाच्या टंचाईवर मात्र त्याच्याकडे एकच उपाय आहे, तो म्हणजे जी पाने पोसणे परवडत नाही ती गाळून टाकणे.

आता उजेड किती कमी होतो ते पाहू. उघड्यावर भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सच्या आसपास असते. चांगल्या खिडकीलगत ती काही हजारांवर येते आणि त्याच खोलीत दोन-अडीच मीटर आत, टीपॉयवर, ती बहुधा काहीशेच उरते. आपल्या डोळ्यांची बाहुली अंधुक जागी मोठी होते, त्यामुळे हा फरक आपल्याला जाणवत नाही. मोबाइलवरची प्रकाश मोजणारी ॲप्स अचूक नसतात, तरी खिडकीपाशी आणि टीपॉयपाशी लागोपाठ मोजून पाहिल्यास किती पटींचा फरक आहे ते लगेच लक्षात येते. त्यातच पावसाळ्यात ग्रिलला निळे प्लास्टिक किंवा ताडपत्री बांधली जाते, आणि उरलासुरला उजेडही अडतो. पुष्कळ घरांत पानगळ सुरू होण्याची वेळ ही प्लास्टिक बांधल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांची असते, आणि हा संबंध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

तपासणी : पानापासून मुळापर्यंत

पाणी, खत, औषध यांतले काहीही घालण्याआधी गळलेले पान हातात घेऊन नीट पाहावे.

पान हिरवे, घट्ट आणि भरलेले असेल, फांदीला जरासा धक्का लागताच देठापाशी स्वच्छ तुटत असेल, आणि शेंड्याकडची नवी पाने लहान, फिकट व एकमेकांपासून दूर दूर आलेली असतील, तर कारण उजेडाचा अभाव हे होय. अशा झाडाची मुळे बहुधा शाबूत असतात. पान पिवळे, काहीसे पारदर्शक झालेले असेल आणि चिमटीत दाबल्यावर पाणी सोडत असेल, तर माती फार दिवस ओली राहिली आहे. पाणी ताबडतोब बंद केल्यास झाड अजून वाचण्यासारखे असते. खोड मातीलगत काळपट झाले असेल आणि बोटाने दाबल्यावर दबत असेल, तर सड खोडात शिरली आहे आणि आता वाट पाहण्यात अर्थ नाही. दाट झाडाच्या आतल्या बाजूची थोडी जुनी पाने अधूनमधून गळतच असतात, त्याकडे दुर्लक्ष करावे. रोपवाटिकेतून नुकतेच आणलेले झाडही जागा बदलल्यामुळे पहिले काही आठवडे पाने टाकते. त्याला उजेडात ठेवून शांतपणे राहू द्यावे.

सर्वांत फसवे असते ते सुरकुतलेले पान. सुरकुती म्हणजे पानातला पाण्याचा साठा कमी झाला आहे, एवढेच त्यावरून कळते. तो का कमी झाला हे पान सांगत नाही. माती कोरडी पडल्यामुळे मुळांना पाणी मिळाले नाही तरी पान सुरकुतते, आणि माती चिंब असूनही मुळे सडल्यामुळे ती पाणी ओढू शकली नाहीत तरी पान तसेच सुरकुतते. वरून दोन्ही झाडे अगदी सारखी दिसतात आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या नेमके उलट आहेत. पावसाळ्यात मरणारी बहुतेक जेडची झाडे या एका ठिकाणी मरतात, असे मला खात्रीने वाटते : पान सुरकुतलेले दिसले म्हणून पाणी घातले जाते, त्याने उरलेली मुळे सडतात, पान आणखी सुरकुतते आणि पुन्हा पाणी घातले जाते.

म्हणून सुरकुती दिसताच मातीची तपासणी करावी, आणि ती वरवर बोट लावून करू नये. पावसाळ्यात पंख्याच्या वाऱ्याने वरचा थर वाळतो आणि चार बोटे खाली चिखल असतो. नारळाच्या खराट्याची एक जाडसर, कोरडी हीर घेऊन ती कुंडीच्या कडेने अगदी तळापर्यंत खोचावी, दहा मिनिटे तशीच राहू द्यावी आणि मग सावकाश बाहेर काढावी. ओल असेल तिथपर्यंत हीर गडद झालेली दिसते, तिला मातीचे कण चिकटलेले असतात, आणि ती गालाला लावल्यास थंड लागते. हीर जशी गेली तशी कोरडी परत आली, तरच झाड तहानलेले आहे. अशा वेळी तळातून पाणी निथळेपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे. मुळे ठीक असतील तर दोन-तीन दिवसांत पाने पुन्हा भरतात. पाच-सहा दिवसांनंतरही सुरकुती जशीच्या तशी असेल, किंवा हीर मुळातच ओली निघाली असेल, तर झाड कुंडीतून बाहेर काढून मुळे पाहण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

हिरीच्या जोडीला कुंडी उचलून पाहण्याची सवयही फार उपयोगी पडते. पूर्ण वाळलेली कुंडी हाताला किती हलकी लागते हे एकदा कळले की पाणी द्यायचे की नाही याचा निर्णय उचलल्याबरोबर होतो. पाण्याचा वार ठरवून ठेवणे मात्र या झाडाला सोसत नाही, कारण मे महिन्यातला बुधवार आणि जुलैतला बुधवार यांत मातीच्या दृष्टीने काहीच साम्य नसते.

मुळे सडली असतील तर

झाडाला बुंध्यापाशी धरून कुंडी आडवी करावी, बाजूंनी थापटून मातीचा गोळा सैल करावा आणि अलगद बाहेर ओढावा. पहिली खूण नाकाला कळते : निरोगी मातीला ओल्या जमिनीचा वास येतो, सडलेल्या मुळांच्या मातीला साचलेल्या गटाराचा आंबूस वास येतो. माती बोटांनी झटकून मुळे मोकळी करावीत. जिवंत मूळ पांढुरके किंवा फिकट तपकिरी असते आणि हलकेच ओढल्यास ताण सहन करते. मेलेले मूळ गडद तपकिरी किंवा काळे असते, आणि चिमटीत धरून ओढल्यास त्याची बाहेरची साल मोज्यासारखी निघून हातात येते व आत केसासारखा धागा उरतो. अशी सगळी मुळे कापून टाकावीत. निम्म्याच्या आसपास मुळे चांगली असतील तर झाड दोन-तीन दिवस पंख्याखाली, सावलीत, उघड्या मुळांनी वाळू द्यावे आणि नव्या, कोरड्या मिश्रणात लावून आठवडाभर पाणी देऊ नये.

खोडच सडले असेल तर मुळांकडे पाहत बसू नये आणि वरून कापायला घ्यावे. धारदार चाकूचे पाते स्पिरिटने पुसून सडलेल्या भागाच्या दोन बोटे वर आडवा काप घ्यावा आणि कापलेला भाग उजेडात पाहावा. निरोगी खोडाचा गाभा सर्वत्र एकसारखा पांढुरका-हिरवा दिसतो. त्यात तपकिरी ठिपका, रेघ किंवा सालीच्या आत तपकिरी कडे दिसले, तर सड तिथपर्यंत पोहोचली आहे. पाते पुन्हा पुसून आणखी वर काप घ्यावा, आणि काप स्वच्छ मिळेपर्यंत हेच करीत राहावे. इथे झाडाची माया आड येते. सुंदर वळणाचा बुंधा वाचवण्यासाठी एक लहानसा डाग तसाच ठेवला जातो आणि पंधरवड्यात उरलेले झाडही जाते. डाग ठेवू नये.

कापलेल्या फांद्या वर्तमानपत्रावर पसरून, पाऊस आणि थेट ऊन या दोन्हींपासून दूर, हवेशीर जागी ठेवाव्यात. कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत काप वाळून त्यावर कडक पापुद्रा धरतो. पावसाळ्यात त्याला आठवडाही लागू शकतो, आणि तो धरेपर्यंत फांदी मातीत खोचू नये. कापावर हळद लावण्याची पद्धत आहे. लावायला हरकत नाही, पण जखम भरते ती कोरडेपणामुळे, हे ध्यानात ठेवून हळद लावलेली फांदीही तितकेच दिवस वाळवावी. नंतर खालच्या दोन-तीन पेरांची पाने काढून फांदी जेमतेम उभी राहील इतकी खोचावी. पहिला आठवडा पाणी देऊ नये, त्यानंतर कडेने थोडे थोडे द्यावे. तीन-चार आठवड्यांनी फांदी हलकेच ओढून पाहिल्यास ती प्रतिकार करते, म्हणजे मुळे धरली. क्रॅसुलाचे नुसते पानही मातीवर ठेवल्यास मुळे धरते. पोर्टुलॅकेरियाच्या बाबतीत पानांवर वेळ न घालवता फांद्याच लावाव्यात.

माती आणि कुंडी

झाड ज्या मातीत विकत मिळते ती माती तशीच ठेवली, तर वरचे सगळे उपचार दरवर्षी करावे लागतील. रोपवाटिकेतली लाल माती बारीक कणांची असते. तीत कोकोपीट मिसळलेले असेल तर ती ओल आणखी धरून ठेवते, आणि नसेल तर उन्हाळ्यात तिची वीट होते व पावसाळ्यात चिखल. रोपवाटिकेला ती सोयीची असते, कारण तिथे झाड उघड्या हवेत, शेडनेटखाली असते. घरात ती चालत नाही. माझ्या मते जेडसाठी मिश्रणाचा अर्ध्याहून अधिक भाग खडबडीत असलाच पाहिजे : भाजक्या विटांचे तूरडाळीपासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचे तुकडे तीन भाग, बागेची माती एक भाग, गांडूळखत एक भाग. प्युमिस किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र खडे) मिळत असेल तर विटेऐवजी ते वापरावे. विटेचे तुकडे चाळून धूळ काढून टाकणे हे कंटाळवाणे काम टाळू नये, कारण ती धूळच तुकड्यांमधल्या पोकळ्या बुजवते. प्लास्टरसाठी वापरतात ती बारीक रेतीही याच कारणाने नको, आणि खाडीची वाळू तिच्यातल्या क्षारांमुळे अजिबात नको. मिश्रण नीट जमले आहे की नाही हे पाहण्यासाठी कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओतावे. पाणी वर न साचता काही क्षणांत तळातून वाहू लागले पाहिजे.

कुंडीच्या तळाशी दगडांचा किंवा खापऱ्यांचा थर दिला की पाणी चांगले निचरते, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. पाणी बारीक मातीतून जाड थरात सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भरल्याशिवाय ते खाली सुटतच नाही. त्यामुळे तळाशी साचून राहणारा ओला पट्टा नाहीसा होत नाही, तो दगडांच्या थराच्या वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ सरकतो. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा पुरतो, आणि संपूर्ण कुंडी एकाच मिश्रणाने भरावी. मातीची, न रंगवलेली कुंडी भिंतींतूनही ओल सोडते, म्हणून घरात तीच उत्तम. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटांहून अधिक मोठी घेऊ नये, कारण मुळे पोहोचत नाहीत त्या मातीतली ओल कोणी वापरत नाही. छिद्र नसलेल्या चिनीमातीच्या भांड्यात कुंडी ठेवायची असेल तर पाणी घालताना ती बाहेर काढावी आणि पूर्ण निथळल्यावरच परत ठेवावी. शोभेसाठी वर पसरलेले पांढरे खडे निदान पावसाळ्यापुरते काढून ठेवावेत. त्यांच्याखाली माती वाळत नाही आणि दिसतही नाही.

माती बदलण्याची योग्य वेळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च. ती हुकली तर निदान मृगाच्या आधी हे काम उरकावे, म्हणजे ढग येण्यापूर्वी मुळे नव्या मातीत रुळतात. ऐन पावसाळ्यात मात्र सड आढळल्याखेरीज झाड हलवू नये.

पिठ्या ढेकूण आणि चिलटे

फांद्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, पाने चिकट लागली किंवा कुंडीवर मुंग्यांची रांग लागली, तर पानगळीला पिठ्या ढेकणांचाही हातभार आहे. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक पुंजका पुसून काढणे हाच घरातला सर्वांत भरवशाचा उपाय आहे, आणि तो दर आठवड्याला, महिनाभर, चिकाटीने करावा लागतो, कारण अंड्यांतून नवी पिल्ले बाहेर पडत राहतात. निंबोळी तेल वापरायचे असेल तर आधी दोन-चार पानांवर लावून दोन दिवस थांबावे. विशेषतः क्रॅसुलाच्या पानांवर तेलाचे डाग पडतात, आणि तेल लावलेले झाड उन्हात ठेवल्यास पाने भाजतात. झाड कुंडीतून काढलेलेच असेल तर मुळांवरही असेच पांढरे पुंजके आहेत का ते पाहून घ्यावे.

कुंडीभोवती बारीक काळी चिलटे उडत असतील तर ती मातीचा वरचा थर सतत ओला असल्याची खूण समजावी. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी, ताक, चहाचा चोथा या गोष्टी जेडला घालू नयेत. त्यांनी झाडाला मिळते फार थोडे आणि चिलटांची मात्र सोय होते. पिवळ्या चिकट सापळ्याने उडणारी चिलटे कमी होतात, पण मातीतल्या अळ्या माती वाळली तरच संपतात.

पावसाळ्याचे चार महिने

जूनच्या पहिल्या आठवड्यात झाड घरातल्या सर्वांत उजेडाच्या खिडकीत, काचेला जवळजवळ टेकवून ठेवावे. पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी असेल तर उत्तम. ग्रिलवर प्लास्टिक बांधणे भाग असेल तर निळ्याऐवजी पारदर्शक प्लास्टिक बांधावे. झाड ग्रिलमध्येच असेल तर प्रश्न उलटा असतो : उजेड पुरेसा असतो, पण वळचणीचे पाणी थेट कुंडीत पडते, म्हणून ते पागोळ्यांपासून दूर सरकवावे. चांगली खिडकीच नसेल तर साधा पांढरा एलईडी दिवा, सुमारे वीस वॉटचा, झाडाच्या शेंड्यापासून फूटभर अंतरावर, रोज दहा-बारा तास लावावा. टीपॉयवर झाड शोभून दिसते हे मान्य आहे, पण पाहुणे येतील त्या दिवसापुरते ते तिथे आणावे.

पाणी हिरीची परीक्षा करूनच द्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा पाणी पुरेल अशी पुष्कळ घरे असतात आणि तेवढीही गरज पडणार नाही अशीही असतात. पानांवर पाण्याचा फवारा मारू नये. दमट हवेत त्याची काहीच आवश्यकता नसते. खत या काळात पूर्ण बंद ठेवावे. गणपतीला गावी जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन झाडांना रोज पाणी घालायला सांगण्याची पद्धत आहे. जेडची कुंडी त्यातून आवर्जून वगळावी, किंवा ती दिसणार नाही अशा पण उजेडाच्या जागी ठेवून जावे. पंधरा दिवस पाणी मिळाले नाही तर या झाडाचे काही बिघडत नाही, आणि पंधरा दिवस रोज मिळाले तर बहुधा मुळे जातात.

पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन पडले की झाड एकदम गॅलरीच्या कडक उन्हात नेऊ नये. चार महिने मंद उजेडात राहिलेली पाने एका दुपारीत भाजतात आणि त्यांवर तपकिरी, खडबडीत डाग कायमचे राहतात. आठ-दहा दिवसांत सकाळचे ऊन तासातासाने वाढवत न्यावे. याच सुमारास पावसाळ्यात लांबलेल्या, लोंबत्या फांद्या छाटाव्यात. पानांच्या जोडीच्या किंचित वर काप घेतला की तिथून बहुधा दोन फुटवे येतात आणि झाड भरते. नवे फुटवे बोटभर झाल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात महिन्यातून एकदा द्यावे, आणि तेही आदल्या दिवशी साधे पाणी दिलेल्या मातीतच, कारण कोरड्या मातीत दिलेल्या खताने कोवळी मुळे जळतात.